करवंटीची बटणं

त्या साली पितळ लढाईवर गेलं होतं,
म्हणून शिपायांच्या कोटांना मी करवंटीची बटणं लावली.
घासून, तेल पाजून, वर रुपेरी रंग.
कॅमेऱ्याचे इंगवले डोळा मिटून म्हणाले,
"काळ्या-पांढऱ्यात पितळ काय नि नारळ काय. चालतंय."

चित्र होतं एका नाटक कंपनीवर:
विंगेतली भांडणं, नायिकेचा पाय मुरगळतो,
मागच्या रांगेतली पोर पुढं येते
आणि शेवटी सगळे शिपाई होऊन नाचतात.
शेवट मला पटला नव्हता.
कपडेपटाला कोण विचारतो.

चाळीस गडी लागत होते.
तालमीतनं आले, गुऱ्हाळावरनं आले,
गंगावेशीतले दोघं तर दुधाची किटली घेऊनच.
रोज बारा आणे, एक वेळ रस्सा-भाकरी.
नाचाचे मास्तर ढोलकीवर डावा-उजवा शिकवत.
गुंडू मगदूमचा डावा कायम चुकायचा.

फिल्म सरकारकडनं मोजून मिळे, फुटाफुटानं.
गाणं एकदाच घ्यायचं.
वळिवड्याच्या छावणीतली एक पोलंडवाली
माझ्याकडं काजं करायला यायची. हेलेना.
मराठी शब्द चार, त्यातले दोन भाजीचे.
शॉटच्या आधी ती उठली,
गुंडूच्या खांद्यावरचा पट्टा सोडून
दुसऱ्या बाजूनं बांधला,
आणि त्याच्या छातीवरची चुणी
तळव्यानं अशी सरळ केली
की सेटवर कुणी हसलं नाही.

एकोणचाळीस डावे पडले, एक उजवा.
तसंच राहिलं.

पुढच्या आठवड्यात अकरा जण खरंच भरती झाले.
चालता येतंच होतं, म्हणाले, आणि पगार बरा.
गुंडू जाताना एक बटण मागून घेऊन गेला.
हिशेबात मी "हरवले" लिहिलं.

चित्र लागलं. त्याची आई
शेण्यांची पाटी थेटरच्या पायरीवर ठेवून
शेवटच्या गाण्यापुरती आत यायची.
दारावरचा तिकीट मागत नसे.
अंधारात बोट वर: "उजवा टाकतोय, त्यो."

अकराव्या आठवड्यात प्रिंट झिजली.
तुटे, ऑपरेटर जोडे,
दर जोडाला चार-दोन चौकटी कात्रीत जात.
गुंडूचा पाय उचललेला दिसे
आणि लगेच टेकलेला. मधलं काही नाही.
मी तिच्याकडं बघितलं नाही.
ती शेजारणीला सांगत होती,
"घाई करतोय बघ. तिकडं लई घाई असंल."