अंधाराची नोंद

कुओपिओत जानेवारीचा उजेड
जेवणाच्या सुट्टीपुरता येतो नि जातो.
तळघरात मात्र आम्ही
सेकंदाला आठ वेळा उजाडवतो:
लाल-काळे चौकोन, उलटसुलट,
आउलिस हुत्तुनेनच्या डोळ्यांसमोर.

वय एक्काहत्तर. सरोवरातून ओंडके
वाहून नेण्यात हयात गेली.
पट्टा, किल्ल्या, चाकू ट्रेमध्ये ठेवून विचारतो,
"आणि दात?"
दात राहू देत, मी म्हणते.

मग चुंबकाची ठकठक.
काचेअलीकडे मी,
त्याच्या डोक्याच्या मागच्या भागातल्या
काडेपेटीएवढ्या जागेला कान लावून.

चौकोन लुकलुकतात
आणि रक्त धावत येतं,
पुरे पुरे म्हणणाऱ्याच्या पानात वाढावं तसं
लागतो त्याहून जास्त प्राणवायू घेऊन.
साखर भराभर संपते,
सगळी पुरती जळतही नाही.
एक पेशी दुसरीला
अर्धवट जळलेलं काहीतरी सरकवते म्हणे,
शेजारणीनं खापरीत विस्तव द्यावा तसं.
लॅक्टेट.
पडद्यावर, थरथरत्या रेषेत
एक टेंगूळ,
मानलं तर आहे.

फार नसतंच ते.
मिटल्या डोळ्यांचं डोकंही
जवळजवळ तेवढंच जाळत असतं, रात्रंदिवस.
सगळ्या जगाचा उजेड म्हणजे
पेटत्या चुलीत वरून टाकलेली
बर्चची एक साल.

आता अंधार. दहा मिनिटं.
काही आठवू नका, मी माइकवर सांगते,
नुसते पडून राहा.
रेषा खाली यायला हवी.
येत नाही.
पुन्हा बघते. डोकं हललेलं नाही,
यंत्र ठीक आहे.

बाहेर आल्यावर मोजे चढवत तो म्हणतो,
"माफ कर, पोरी. तू अंधार केलास
नि तौनो दिसला.
ओंडक्यांवरून चालत होता, खांद्यावर आकडी.
मी त्याचे पाय बघत होतो,
कुठल्या ओंडक्यावर चुकला ते."

दिसलं का, मी विचारत नाही.

फॉर्मवर कारणं तीनच छापलेली:
हालचाल, झोप, बिघाड.
मी झोपेवर खूण करते,
मग खोडते,
मग पेनाचं टोपण शोधत बसते.

व्हरांड्यात तो कॉफीत
साखरेचे चार खडे टाकतो,
आणि ढवळत नाही.