भाग सतरावा

निंभोऱ्यात, स्टेशनामागच्या खोलीत
गोधडी डोक्यावरून घेऊन
रेकॉर्ड केला भाग सतरावा : पानांचा स्वयंपाक.
‘हरितद्रव्य’ म्हणाले
आणि मालगाडी आली.
थांबले. बेचाळीस डबे.
मग ‘म्हणजे’ म्हणत पुढे गेले.
तेवढं कापायचं राहूनच गेलं.

रुमली पावरा तो पाठ ऐकते
केळीच्या बागेत, बापाच्या फोनवर,
चिकाने काळ्या पडलेल्या बोटाने
मागे नेत, पुन्हा मागे नेत.

तोंडी परीक्षेला उभी राहिली.
“हरितद्रव्य,” म्हणाली
आणि गप्प.
खिडकीबाहेर बघत, अजिबात न घाबरता.
केंद्रप्रमुखांनी पेन उचललं, “विसरली.”

थांबा, म्हटलं,
गाडी जातेय.

मनात डबे मोजत होते.
चाळिसाव्यालाच, दोन डबे राखून,
रुमली म्हणाली,
“म्हणजे...”