सव्वीस रेघा

दुकानाच्या दाराशी एक गोल स्टँड आहे,
फिरवला की कुरकुरतो.
खान्याखान्यात तयार शिक्के, करंगळीएवढे,
प्रत्येकावर एक आडनाव.
सातो, सुझुकी, तानाका महिन्याभरात संपतात.
पेन्शनचा कागद, शाळेचा फॉर्म, पार्सलवाला दारात,
कुणाला ना कुणाला घाई असतेच.
माझंही आहे त्यात. हायाशी, म्हणजे झाडी.
दोन झाडं शेजारी शेजारी, आठ रेघा.
शिक्का उलटा कोरावा, तेव्हा कुठे कागदावर सुलटा उमटतो;
पण हायाशी आरशात धरा, जवळजवळ तसंच.
आळशी माणसाला सोयीचं.

वाराबिनो या स्टँडमध्ये कधीच नव्हतं.
ते हातानं कोरायचं. सव्वीस रेघा.
वाराबी म्हणजे नेच्याचा कोंब, मुठीसारखा वळलेला,
राखेच्या पाण्यात रात्रभर ठेवला की कडूपणा जातो.
नो म्हणजे माळ.
सरकारनं सगळ्यांना आडनाव लावायला सांगितलं त्या साली
वरच्या खोऱ्यात कारकुनानं एका म्हाताऱ्याला विचारलं म्हणे,
घरामागे काय आहे?
म्हातारा म्हणाला, तुम्हीच बघा की.
तेवढ्यावर अकरा घरं वाराबिनो झाली.

बाबांच्या वहीत हिशेब आहे.
युद्धाआधी एका वर्षात चौदा शिक्के.
धरण झालं त्या साली पाच,
पाचही भरपाईच्या कागदांसाठी.
मग बरीच पानं काही नाही.
मग एक, माझ्या अक्षरात.

तो किएचा. बँकेत नोकरी लागली म्हणून.
मी नवा होतो, एक रेघ तुटली.
तिनं उजेडात धरून पाहिला.
राहू दे, म्हणाली,
आता ओळखायला आहे कोण?

दोन वर्षांनी तिनं माझं नाव लावलं.
कायदा म्हणतो, नवराबायकोचं आडनाव एकच हवं,
दोघांपैकी कुणाचंही चालेल.
कुणाचंही.
नगरपालिकेच्या खिडकीशी आम्ही दोघं उभे होतो
आणि तो शब्द मी वाचलासुद्धा नाही.

तिचा भाऊ योशिहारू ओसाकात. त्याला दोन मुली.
एक आता सातो,
दुसरी कोबायाशी, म्हणजे लहान झाडी.

खोऱ्यात पूर्वी हिवाळा सरता सरता माळ जाळायचे.
जाळला की नेचे फुटतात.
आता जाळायला माणसं नाहीत, माळभर झाडं माजलीत.
बघ, हायाशी वाराबिनोवर चढलं, असं मी हसत म्हणालो.
किए ताटं पुसत होती.
पुसत राहिली.

परवा मासळीच्या कारखान्यातली एक मुलगी आली, थोम नावाची.
स्टँड दोनदा फिरवून झाला तिचा.
गुएन, म्हणाली.
मी म्हटलं, दुर्मिळ आहे, मागवावं लागेल.
ती इतकी हसली की मास्क खाली आला.
आमच्या गल्लीत दगड मारला तर गुएनला लागेल, म्हणाली,
म्हणून तिकडे आडनावानं कुणी हाकच मारत नाही.
इथे मुकादम दिवसभर गुएन, गुएन.
पहिल्यांदा वाटलं, वडलांना बोलावतोय.

तिच्यामागून चार जणी आल्या, मग एक पोरगा.
घाऊकवाला म्हणाला, आता तयार मिळतो, डझनानं घ्या.
म्हणून काल स्टँड रिकामा केला, पुसला,
गुएनसाठी 'क'च्या ओळीत जागा केली,
एक सुझुकी कमी केला, कुणाला कळणार नाही.

तळाची ओळ 'वा'ची. तिथे हात क्वचितच जातो.
शेवटच्या खान्यात लाकडाचा एक शिक्का होता,
शाई वाळून काळी झालेली.
पावतीच्या मागे दाबून पाहिला.
रेघ तशीच, तुटलेली.
त्यावर किंमत चिकटवलेली नाही.

कुणी मागितला तर काय सांगायचं
ते किएला विचारायचं राहिलंय.
मी तो परत जागेवर ठेवला
आणि स्टँड फिरवून भिंतीकडे केला.
मग पुन्हा दाराकडे.