केतकीची चटई

पहाटे कोंबड्याआधी कुत्री भुंकली.
आमच्या घरांना भिंती नसतात,
सवाईवर सगळीकडे असंच, नुसते खांब
आणि झावळ्यांचे पडदे.
पेलेनाटोने पडदा गुंडाळला,
तो तसाच हातात धरून उभा राहिला.

अंगणातल्या पांढऱ्या खड्यांवर
केतकीच्या पातीची एक मोठी चटई,
आणि चटईखाली माणसं.
किती, ते कळत नव्हतं.
पाठींचे उंचवटे फक्त.
पुढ्यात सरपणाची मोळी, ओढ्यातले गोटे, हिरवी पानं.
म्हणजे, ही भट्टी, हे आम्ही.
भाजा हवं तर.

आमच्याकडची ही रीत जुनी,
मिशनऱ्यांची गलबतं यायच्याही आधीची.
ते आले, त्यांनी पुष्कळ रीती बंद केल्या.
ही केली नाही.
ओळखीची वाटली असेल.

योसुआला जाऊन नऊ दिवस झाले होते.
गायनाच्या सरावाहून येत होता, पांढऱ्या सदऱ्यात,
अंधारात सगळ्यांत आधी दिसावा असा.
मालाकीच्या पिकअपला तेवढा दिसला नाही.
बिअरचे डबे रस्त्यावर सकाळपर्यंत घरंगळत होते,
मला कुणीतरी येऊन सांगितलं.
कशाला सांगितलं?

घरात कुणी बोलेना.
धाकटा दीर पायरीवर, मांडीवर कोयता.
पेलेनाटो घराण्याचा प्रमुख. शब्द त्याचा.
तो उठला की चटई उठणार,
नाहीतर दीर उठणार.
पाळक आले, खांबाला टेकून बसले.
दयेबद्दल काही म्हणाले नाहीत,
ह्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी.

ऊन चढलं. आठ वाजले. नऊ.
मी निरफणस सोलत होते,
एक सोलून झाला की दुसरा,
खाणार कोण ह्याचा पत्ता नसताना.

आणि चटईखालून खोकला आला.
मोठ्या माणसाचा नव्हे.
कोरडा, बारीक, आवरून धरलेला,
खोकू नकोस म्हणून दटावलेल्या पोराचा.

मला दया आली असं लोक नंतर सांगत सुटले.
खोटं आहे.
मला राग आला.
ह्या उन्हात? लेकराला?
हातातली सुरी टाकून मी अंगणात गेले,
तोंडाचा पट्टा सुरू,
अक्कल गहाण टाकलीत का, पोराला पाणी तरी पाजलंत का,
आणि पोर ओढून बाहेर काढायला
चटईचा काठ धरून वर केला.

तेव्हा सगळं थांबलं. कुत्रीसुद्धा.

कारण चटई उचलली म्हणजे उचलली.
कुणी, कशासाठी, हे रीत विचारत नाही.
खाली अकरा जण होते.
घामाने खडे ओले झाले होते.
मधोमध मालाकी, कपाळ जमिनीला लावून,
मानेवर पोरसवदा लव.
एकोणीसचा असेल. तोही.

परत टाकता आली असती.
चूक झाली म्हटलं असतं, बाईमाणूस, दुःखात आहे,
कुणी बोल लावला नसता.
जड होती. वर्षभर विणतात ती.
पेलेनाटो माझ्याकडे बघत होता,
कोयत्यावरचा हात माझ्याकडे बघत होता.

टाकली नाही.
माझं म्हणावं असं त्यात एवढंच.
बाकी खोकल्याने केलं.

पोराला शहाळं फोडून दिलं. दोन प्यायला.
मग बाकीच्यांनाही द्यावं लागलं.
मालाकीला दिलं ते मी नाही, दिराने.
कोयता त्याच्याच हातात होता.

चटई आता आमच्याकडे आहे, पेटीत.
बाहेर काढली नाही.
संध्याकाळी शंख वाजतो, गाव बसतं प्रार्थनेला,
मीही बसते.
ऋणांच्या ओळीत आमचं मागणं असतं,
ते मी मोठ्याने म्हणते, शेजारी ऐकू जाईल इतकं.
पुढच्या अर्ध्यात मालाकी बसलेला असतो.
तिथे ओठ हलतात.
आवाज कधी येतो.
काल आला नाही.