कुत्र्याचं नाव

पाव्लिना काव्चिच, वय एकोणऐंशी.
तोल्मिनच्या पोस्टात एकतीस वर्षं पत्रं निवडली.
अक्षरावरून माणूस ओळखायची म्हणे,
आणि पाकिटाच्या जाडीवरून भांडण.

आता दर मंगळवारी ती ग्रंथालयात येते,
ओला कोट माझ्याच खुर्चीवर टाकते:
"उघड. बघू, आज कोण कोण मेलंय माझ्यासाठी."

आज तिघं मेलेत.
एक तेलविहिरींचा मालक, एक निपुत्रिक जनरल,
एक नुसताच दूरचा नातेवाईक, रक्कम मात्र जवळची.
शिवाय एक पार्सल, दोन युरो भरले की सुटणारं.
शिवाय बँक, जिला तिचा पासवर्ड तिच्याकडूनच हवाय.
शिवाय कुणीतरी, ज्याच्याकडे तिच्या आंघोळीचा व्हिडिओ आहे.
"बिचारा," ती म्हणाली, "झोप उडाली असेल."

पहिल्या महिन्यात तिने सगळ्यांना उत्तरं धाडली होती.
सभ्यपणे: आपला पत्ता चुकला आहे, कृपया नोंद घ्यावी.
हात दाखवून अवलक्षण.
घरात माणूस जागं आहे, एवढंच हवं होतं त्यांना.
दहाची शंभर झाली.

मग मी शिकवलं, म्हणजे मला वाटलं मी शिकवतोय:
'यादीतून नाव काढा' असं अनोळखी पत्र म्हणालं
तर ते बटण दाबायचं नाही, तीही हाकेला ओच झाली.
फोन करायचा तो कार्डामागच्या नंबरवर,
पत्रातल्या नव्हे. आणि जोडलेली फाईल...
"थांब," ती म्हणाली. "इथे बघ."
बँकेच्या नावात ओ नव्हता. शून्य होतं.
दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा मी,
मला दिसलं नव्हतं.

नुसतं पुसू नका, मी म्हटलं, स्पॅम म्हणून खूण करा,
यंत्र त्यातून शिकतं.
"शिकाऊ पोरासारखं?"
हो.
"मग चुकेलही."
म्हणून निघण्याआधी ती स्पॅमचा खण उपसते, दर आठवड्याला.
चुकीच्या खणात पडलेलं पत्र ही पोस्टाची लाज,
हे ती अजून पगारी नोकर असल्यासारखं म्हणते.

नोव्हेंबरात त्या खणात रोसारियोहून एक पत्र निघालं.
'प्रिय पाव्लिना, तू मला ओळखत नाहीस.'
मोडकं भाषांतर, घाईचा सूर, खाली एक फाईल.
सही आन्सेल्मोची, आडनाव तिचंच.
वडील अर्जेंटिनाला गेले तेव्हा ती चार वर्षांची होती.
तिकडून एक कार्डसुद्धा आलं नाही,
आणि पोस्टात बसून तिने ते एकतीस वर्षं पाहिलं होतं.

सगळी लक्षणं जुळत होती. माझं बोट बटणावर गेलं.
तिने मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतका जोर?

फाईल उघडली नाही तिने. लिंकला शिवली नाही.
माझ्याकडून एक नवा पत्ता काढवून घेतला,
ज्याच्यामागे ना बँक, ना घर, ना ती स्वतः,
आणि त्यावरून एकच ओळ लिहिली:
'तो गेला त्या सकाळी दारात कुत्रा बांधलेला होता. नाव सांग.'
नमस्कार नाही, आपली विश्वासू नाही.

मग ती मंगळवार सोडून रोज यायला लागली.
अकरा दिवस.
मेलेले येत राहिले, पार्सलं अडत राहिली,
सोचा नदीचं पाणी खिडकीखालून हिरवंगार वाहत राहिलं,
आणि मी मनातल्या मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. पुन्हा स्पॅममध्येच.
एक शब्द.
ती तो वाचून चष्मा पुसत बसली, बराच वेळ,
मग नाक ओढून म्हणाली,
"फाईल आधी तपासून घे. भाऊ असला म्हणून काय झालं."

तो शब्द मी इथे लिहीत नाही.
अशी उत्तरं उघड्यावर ठेवायची नसतात.