सावलीचा पगार

शाळेचं पत्र आलं.
केतकीला काढत नाही, असं पहिल्या ओळीत होतं.
दुसरी ओळ पणपासून सुरू.
तिच्याशेजारी एक शॅडो टीचर बसवावी लागेल,
पगार पालकांकडे.

नलूला मराठीत सांगायला गेलो
नि अडलो. सावली-बाई, म्हटलं शेवटी.
ती हसली. मग आकडा वाचला:
अठराशे दिरहम. खोलीभाडं बावीसशे.
सावली एवढी महाग, म्हणाली,
आणि भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

तशी अजमानात सावली फुकट नसतेच.
पत्र्याखाली गाडी लावायची तर वर्षाचे वेगळे पैसे.
दिव्याच्या खांबामागे बसची वाट बघत
सहा माणसं एका ओळीत, खांबाएवढीच रुंद.
मी चंद्रपूरचा, उन्हाच्या गोष्टी मला सांगू नयेत कुणी.
बारा वर्षं परांच्या बांधतोय.
उन्हाळ्यात साडेबारा वाजले की शिट्टी होते,
हत्यारं खाली,
तीन वाजेपर्यंत उघड्यावर काम नाही.
सरकारी हुकूम. मोडला तर कंपनीला दंड.
म्हणजे सावली हुकमाने देता येते,
हे मला पुठ्ठ्यावर पाठ टेकून कळलेलं आहे.

एवढंच बोलायचं ठरवून
केतकीला घेऊन सरकारी केंद्रावर निघालो.
वाटेत टायपिंगवाल्या पेशावरी पोराने अर्ज भरला,
आजाराच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.
आजार नाही, म्हटलं.
अक्षरं तिच्यापुढे एका जागी थांबत नाहीत.
घंटा झाली की कानांवर हात घेऊन बाकाखाली जाते.
आणि तारीख सांग, वार सांगेल,
तुझ्या जन्माचासुद्धा.
त्याने सांगितली. मंगळवार, ती म्हणाली.
त्याने आईला फोन लावला. मंगळवारच.
रकाना मात्र बोटभर होता.

टेबलापलीकडे मोझा नावाची बाई.
तिने आधी केतकीला खुर्ची दिली, मग मला.
पाच पानं वाचली, तीन शिक्के मारले.
शाळा खाजगी आहे, म्हणाली, फी माझ्या हातात नाही.
आठवड्यातून दोनदा इथे आणा, आम्ही शिकवू, पैसे नकोत.
शाळेला पत्र देते:
परीक्षेला जादा वेळ, घंटेआधी खूण.
माझं शिट्टीचं, दंडाचं सगळं भाषण
घशातच राहिलं. कार्ड छापून आलं.

वर अरबीत काहीतरी.
असहाब अल-हिमम, तिने वाचून दाखवलं.
पुन्हा म्हणा.
हिमम. एकच असेल तर हिम्मा.
हिंमत? मी म्हटलं.
ती थांबली. तुमच्याकडेही आहे?
आहे, म्हटलं,
आणि मला माझा धाकटा भाऊ आठवला, दिगंबर,
चौथीनंतर ज्याला शाळेने घरी पाठवला.
त्याच्यासाठी गावात तीन शब्द होते.
तिन्ही मला येतात, एकही इथे लिहिणार नाही.
हा चौथा तेव्हाही घरातच होता,
कुस्तीला, लढाईला, कर्ज काढायला काढत होतो,
त्याच्यासाठी नाही काढला कुणी.

शब्दाने फी भरत नाही, नलू रात्री म्हणाली.
बरोबर म्हणाली.
आता ती सहा डबे जास्तीचे करते,
मी शुक्रवारी दुसऱ्या साइटवर जातो,
मोझाबाईंना दर महिन्याला एक अर्ज देतो फीसाठी.
त्या घेतात, शिक्का मारतात,
वर पाठवलाय म्हणतात. वर कुठे, ते मी विचारत नाही.

एप्रिलात शीजा टीचर आली, पालक्काडची,
बाकाला बाक चिकटवून बसायची.
आता हातभर लांब बसते.
परवा फाटकातून पाहिलं:
घंटेआधी तिने नुसतं बोट वर केलं,
केतकीने कान झाकले,
आणि बाकावरच राहिली.

परांची एकदम उतरवत नसतात.
एकेक मजला, वरून खाली,
भिंत धरते का बघत.