अस्तराला न शिवता

पेलोतासमध्ये जुलैची थंडी. जेल कोमट केलं तरी
जुसारा दचकलीच.
"फुटेल का?" गाठीबद्दल नाही,
एकोणीस वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेल्या
सिलिकॉनबद्दल विचारत होती.

पडद्यावर ते काळं, स्वस्थ, तळ्यासारखं,
आणि काठाला खेटून
सात मिलिमीटरची गाठ.

मी सांगते: सुई उभी नाही, आडवी जाईल,
कवचाला समांतर.
आधी दोघांच्या मधे भुलीचं पाणी सोडीन,
गाठ वर उचलली जाईल.
झटका मारणारी सुई आज ट्रेमध्येच.

कार्निव्हलचे झगे शिवते ती.
"म्हणजे धावदोरा," म्हणाली,
"वरच्या कापडातून. अस्तराला न शिवता."

टोक दिसतंय. टोक दिसतंय. टोक...
थांबते. प्रोब किंचित कलवते.
दिसतंय.

बोळा दाबून धरत ती विचारते,
सुई कितवा नंबर?
चौदा.
"माझी चौदा नंबरची खूप बारीक असते हो."

फॉर्मॅलिनमध्ये चार पांढुरके धागे.
चारही तळाशी जातात.
चरबी असती तर तरंगली असती,
हे मी तिला सांगत नाही.
तळं शाबूत आहे, एवढंच सांगते.
आणि गुरुवार.